मदत हवी आहे: शिवाजी विद्यापीठातून राणी चन्नम्मा विद्यापीठात आल्यावर त्याच वर्षी खेळता येतं का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण कुस्ती खेळते, ५३ किलो गट. बी.ए.चं पहिलं वर्ष तिनं चंदगडकडच्या कॉलेजात केलं, तिथून शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतही उतरली होती. घरच्या अडचणीमुळे यंदा दुसऱ्या वर्षाला बेळगावात प्रवेश घेतलाय, रेग्युलरच. वय १९, त्यामुळे १७ ते २५ च्या अटीचा प्रश्न नाही. टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारा दाखला) दोन्ही हातात आहेत.

अडलंय ते पात्रता फॉर्मवर. 'मागील वर्षी कोणत्या विद्यापीठाकडून खेळलात' या रकान्यात कोल्हापूर लिहिलं आणि पीडी (शारीरिक शिक्षण संचालक) सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, जुन्या कॉलेजचं ना-हरकत पत्र आणा. जुन्या कॉलेजात गेलो तर ते म्हणतात, मायग्रेशन दिलं की आमचा संबंध संपला. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात अर्ज दिलाय, उत्तर नाही. पोरगी मात्र रोज पहाटे तालमीतल्या काट्यावर उभी राहून वजन राखतेय. तिचं वर्ष वाया जाऊ नये, एवढीच धडपड.

रकाना कोरा ठेवा असं कृपया सुचवू नका, खोटं लिहायचं नाही. नियमाचं परिपत्रक कन्नडमध्ये असलं तरी चालेल, वाचता येतं.

महाराष्ट्रातून इकडे बदलून आलेलं कुणी खेळलंय का? विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष थांबावंच लागतं, की मायग्रेशनवर भागतं? आणि थांबावं लागत असेल तर ते फक्त अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी, की कॉलेजांमधल्या स्पर्धेसाठीसुद्धा?