मोल ठरवणारा घेणारा असतो

'वन मॅन्स ट्रॅश इज अनदर मॅन्स ट्रेझर' (एकाचा कचरा तो दुसऱ्याचा खजिना) या इंग्रजी म्हणीचा अर्थ जुन्या वस्तू गरजूंना द्याव्यात, असा काही जण लावतात. मला तो पटत नाही. यात दानाचा संबंधच नाही. एकाला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याला हवीशी असू शकते, एवढंच. आणि मोल ठरवतो तो घेणारा. आपल्या जुन्या बाजारात हे चोख लागू पडतं. कुणाच्या माळ्यावरचा बंद रेडिओ शोधत दुसरा कुणी मुद्दाम येतो, घासाघीस करून घेऊन जातो. पण विटके-फाटके कपडे कामाच्या मावशींच्या हातात ठेवताना कृपा करून हे वाक्य म्हणू नका.

कचरावेचकांबद्दलही ते जपून वापरावं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, ती या कामाला काम म्हणून मान मिळावा यासाठी. त्यांना आयता खजिना सापडत नाही. पुठ्ठा, काच, प्लॅस्टिक निवडून वेगळं करावं, वाहून न्यावं, तेव्हा कुठे वजनावर पैसे मिळतात. आपण ओला-सुका एकत्र दिला की पुठ्ठा भिजतो आणि ते पैसेही जातात.