मदत हवी आहे: ईसीएम डिबरिंगमध्ये हिशोबापेक्षा कमी धातू का जातो?

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये दोन भोकं जिथे एकमेकांना छेदतात, तिथली बर (भोक पाडल्यावर कडेला राहिलेला धातूचा धारदार कंगोरा) आम्ही ईसीएमने, म्हणजे विजेने धातू द्रावणात विरघळवून, काढतो. जॉब साध्या कार्बन स्टीलचा, तो प्लसला. पितळी टूल मायनसला. मधल्या फटीतून सोडियम नायट्रेटचं द्रावण जोरात सोडतो. बर व्यवस्थित निघते, अडलंय ते वजनापाशी.

फॅरेडेच्या नियमाने (जितका विद्युतभार, तितका धातू सुटतो) लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन सुटला, तर एका अँपिअरला मिनिटाला १७.४ मिलिग्रॅम जायला हवं. तीन देऊन सुटला तर ११.६. करंट भरपूर ठेवला की वजन या दोन आकड्यांच्या मध्ये बसतं. पण करंट उतरवून वेळ वाढवला, अँपिअर-मिनिट तेवढेच ठेवले, तर ११.६ च्याही बरंच खाली जातं. मग बाकीचा करंट जातो कुठे? सपाट पट्टी पारदर्शक डब्यात लावून पाहिली, तर कमी करंटला पट्टीवरूनही बुडबुडे सुटताना दिसले. हायड्रोजन तर टूलवर यायला हवा ना?

दुसरं म्हणजे, जास्त करंटला टूलसमोरचा भाग आरशासारखा निघतो, कडेला मात्र काळपट पट्टा राहतो. शेजारच्या गाळ्यातले काका म्हणतात, मिठाचं पाणी वापर, सगळा करंट कामी येईल. बदलावं का? आणि स्टेनलेसच्या ट्रायलनंतर द्रावण पिवळं झालंय, त्याचीही काळजी वाटते.

प्रतिसाद:

पट्टीवरचे बुडबुडे ऑक्सिजनचे आहेत, तुमचा करंट तिथे जातोय. नायट्रेटमध्ये लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. त्यातून इलेक्ट्रॉन पार होतात, लोखंडाचे आयन फारसे होत नाहीत. म्हणून कमी करंटला धातूऐवजी पाण्याचंच ऑक्सिडेशन होतं. करंट डेन्सिटी (दर चौरस सेंटिमीटरमागचा करंट) पुरेशी वाढली की थराचा अडसर राहत नाही आणि धातू सुटू लागतो. मधल्या आकड्यांत मात्र दोन आणि तीन इलेक्ट्रॉनवालं लोखंड किती, ऑक्सिजन किती, हे नुसत्या वजनावरून कळणार नाही.

नायट्रेट सोडू नका. टूलपासून लांब करंट विरळ होतो आणि तिथलं कटिंग आपोआप मंदावतं, हीच त्याची खरी किंमत. मिठातला क्लोराइड तो थर टिकूच देत नाही. वजन जुळेल, पण भोकाची भिंतही खाल्ली जाईल. हायड्रॉलिक ब्लॉकला ते परवडणारं नाही.

आरशाचं कारण असं की धातू इतक्या वेगाने सुटतो की त्याचे क्षार वाहून जायला सवड मिळत नाही. पृष्ठभागाला लागून पाकासारखा दाट, संपृक्त थर साचतो. मग विरघळण्याचा वेग धातूच्या कणरचनेवर नाही, त्या थरातून बाहेर पडण्यावर ठरतो. म्हणून उंचवटे-खळगे सपाट होतात. फक्त प्रवाह सगळीकडे सारखा ठेवा, नाहीतर रेघा उमटतील.

पिवळ्या रंगाकडे आजच लक्ष द्या. तो बहुधा स्टेनलेसमधून सुटलेल्या षट्संयुजी क्रोमियमचा आहे आणि ते कर्करोगकारक आहे. ग्लोव्हजशिवाय हात घालू नका, थेंबही गटारात जाऊ देऊ नका. नमुना आम्ल करून डायफिनाइलकार्बाझाइड टाकलं की जांभळा रंग येतो, त्यावरून खात्री होईल. आम्ल माध्यमात बायसल्फाइटने ते त्रिसंयुजी करायचं, मग चुन्याने पीएच वाढवून गाळ खाली बसवायचा. तो गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्या.