डबा उलटून वाचा

टूनात ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, असतं का, असा प्रश्न एकाने विचारलाय. माशात नसतंच हो! टूना म्हणजे आपल्या कोकणवाल्यांचा कुपा. पण नागपुरात तो ताजा कुठला मिळायचा, आपल्या नशिबी रोहू-कटला आणि टूनाचा डबा. नुसत्या मिठाच्या पाण्यातला किंवा तेलातला घ्या. मसालेदार, सॉसवाला असेल तर डबा उलटून घटक वाचा, सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो.

माझ्या घरी सिलिअ‍ॅकचं पथ्य आहे, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणाऱ्या आजाराचं. आमची चूक माशात नव्हती, फोडणीत होती. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मासा तळताना रवा लावायची सवयही सोडली, आता तांदळाचं पीठ लावतो. ज्वारी दळायलाही सरळ गिरणीत टाकू नका, आधीचा गहू जात्यात राहिलेलाच असतो. आम्ही घरघंटी घेतली.

कांदा, हिरवी मिरची, लिंबू घालून टूना परतायचा, सोबत गरम भाकर. शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. रोज मात्र नको, पारा असतो. अल्बाकोर जातीच्या टूनापेक्षा स्किपजॅक जातीत कमी. गरोदर बाईसाठी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.