मदत हवी आहे: कोकणात मोका (MOCA, अडथळ्यांपासून सुरक्षित ठेवणारी किमान उंची) घ्यायचा की एमईए (MEA, रूटवरची किमान उड्डाण-उंची)?

रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावरून घाटाकडे जाणाऱ्या हवाई रूटचा अभ्यास चालू आहे. एमईए स्पष्ट आहे: अडथळ्यांपासून सुरक्षित अंतर, पूर्ण सेगमेंटभर नेव्हिगेशन सिग्नल आणि एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) संपर्क. अडचण मोकाची आहे. अमेरिकन पुस्तकांत मोकावर व्हीओआरपासून (दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनपासून) २२ नॉटिकल मैलांपर्यंत सिग्नलची हमी दिलेली असते. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) व्याख्येत मात्र फक्त अडथळ्यांपासूनचं अंतर येतं, सिग्नलचा शब्दही नाही. मग आपल्याकडे ते २२ मैल गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. बरोबर आहे ना?

दुसरं, उंचीच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.२३ या सूत्राने ५,००० फुटांवर सिग्नलचा पल्ला साधारण ८७ नॉटिकल मैल मिळतो. पण ते मध्ये डोंगर नसताना, आणि स्टेशन जमिनीलगत धरून. व्हीओआर सह्याद्रीच्या पलीकडे असेल तर कड्याची सावली थेट कोकणपट्टीवर पडते. सुई डळमळते, फ्लॅग (सिग्नल नसल्याची खूण) येतो, आणि हे नेमकं खाली उतरताना होतं. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. डोंगराळ भागातलं २,००० फुटांचं सुरक्षित अंतर धरलं की तिथे ७,४०० च्या खाली जाताच येत नाही.

ही सावली चार्टवरून आधी कशी ओळखता? आणि मोकावर असताना फ्लॅग आला, तर आधी एमईएपर्यंत चढायची परवानगी मागता की जीपीएसवर ट्रॅक धरून पुढे जाता? ज्यांनी हा पट्टा आयएफआरमध्ये (उपकरणांच्या आधारे उड्डाण करताना), विशेषतः पावसाळ्यात उडवलाय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.