'सोसायटी', 'संघ' की 'मंडळ'? संरक्षण उद्योगाच्या संघटनेला काय म्हणावं?
(लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या गावाचं नाव दिलं आहे.)

देवळी :
आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं चालू घडामोडींची टिपणं काढतात. 'सोसायटी ऑफ इंडियन डिफेन्स मॅन्युफॅक्चरर्स'समोर एका मुलीनं लिहिलं, 'शस्त्रं बनवणाऱ्यांची सहकारी संस्था'. नवल नाही. गावात सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी सेवा सहकारी सोसायटी. सातबारा घेऊन जायचं अन् सचिवाची वाट पाहत बसायचं. मग नेमका शब्द कोणता? 'सरकार आणि खासगी कंपन्यांमधला दुवा' असंही वाचलं. ते चालेल का?

भद्रावती :
भाऊ, 'मंडळ' तेवढं लिहू नका. मंडळ म्हटलं की सरकारी कारभार डोळ्यापुढे येतो. आमच्या चांदा आयुध निर्माणीवरही आयुध निर्माणी मंडळच होतं. १ ऑक्टोबर २०२१ला ते बरखास्त झालं आणि देशभरातल्या ४१ निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. चांदा आणि भंडारा म्युनिशन्स इंडियात गेल्या, नागपूरची अंबाझरी यंत्र इंडियात. मालकी पूर्ण सरकारचीच. त्यामुळे नुसतं 'कंपनी' म्हणून आता भागत नाही, टिपणात 'खासगी कंपनी' की 'सरकारी कंपनी' ते लिहायलाच हवं.

हिंगणघाट :
'उत्पादक संघ' म्हणा. दूध उत्पादक संघ सगळ्यांना ठाऊक आहे, संघ सभासदांचा असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सीआयआयलाही वर्तमानपत्रं भारतीय उद्योग महासंघ म्हणतात.

'दुवा' मात्र मला अपुरा वाटतो. दुव्याला स्वतःचं म्हणणं नसतं, या संघाला असतं. खरेदीच्या नियमांचा मसुदा निघाला की सभासदांच्या अडचणी गोळा करून संघ त्या संरक्षण मंत्रालयापुढे मांडतो. याला मराठीत मुरलेला शब्द आहे, रदबदली. 'सरपंचांनी नुकसानभरपाईसाठी तहसीलदारांकडे रदबदली केली' हे वाक्य आपण सहज बोलतो. कुणाची तरी बाजू घेऊन शब्द टाकला, हे त्यात उघड दिसतं. 'लॉबिंग' म्हटलं की आधी संशयच येतो.

'दलाल' नकोच. आमच्या कापूस बाजारात अडत्या सौद्यामागे अडत घेतो, संघ सभासदांच्या वर्गणीवर चालतो. शिवाय १९८७च्या बोफोर्स प्रकरणापासून संरक्षण खरेदीत 'दलाल' हा सरळ आरोपच झाला आहे.

भंडारा :
ताई, रदबदली पटलं. पण सरकार स्वतः बोलावून मत विचारतं, तेव्हा ती रदबदली नाही, तिथं 'सल्लामसलत' म्हणावं.

मला जास्त बोलायचंय ते 'सुरक्षा'बद्दल. शत्रूपासून देशाची राखण करणं ती सुरक्षा, आणि हाताखालची दारू उडून माणूस मरू नये ती सुरक्षितता. बातम्यांत दोन्हींना 'सुरक्षा'च लिहितात. १७ डिसेंबर २०२३ला बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यात सहा बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ला आमच्या जवाहरनगरच्या निर्माणीत आठ जण गेले. एक कारखाना खासगी, एक सरकारी. उत्पादक संघ आणि सरकार यांच्या बैठकीच्या बातमीत 'सुरक्षेवर चर्चा झाली' एवढंच छापलं, तर इथल्या घरांनी काय समजावं? सीमेची चर्चा झाली की कामगाराच्या जिवाची? हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. माझा यावर आग्रह आहे.

भद्रावती :
बरोबर बोलले भाऊ. आणि नुसतं 'संघटना'ही नको. निर्माणीच्या गेटवर संघटना म्हणजे कामगार संघटना. 'उत्पादकांची' हा शब्द गाळला की अर्थ पार उलटा होतो.

देवळी :
सायबरवाल्यांचं काय? नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघानं स्थापलेल्या डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडियाला 'संरक्षण' लावावं का?

हिंगणघाट :
नाही. संरक्षण म्हणजे लष्कर आणि शस्त्रास्त्रं. तिथं 'माहिती सुरक्षा परिषद'.

देवळी :
सर्वांचे आभार. उद्या फळ्यावर हे लिहितो : 'भारतीय संरक्षण उत्पादक संघ : संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांचा संघ. सभासदांसाठी सरकारकडे रदबदली करतो, सरकारनं विचारल्यास सल्ला देतो.' खाली सुरक्षा आणि सुरक्षितता, दोन वेगळ्या ओळींत.