एरोस्पेस सोडून कॉलेजात येणं म्हणजे डिमोशन?

वर कोणीतरी लिहिलंय की एरोस्पेसवाला माणूस बीईच्या पोरांकडून रिसर्च करून घ्यायला कॉलेजात आला म्हणजे त्याचं करिअर संपलं. काहून भाऊ? बरीच पोरं रेझ्युमेपुरती येतात हे मान्य, पण पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा 'स्वयम्' बघा ना, जेमतेम १ किलोचा उपग्रह, पोरांनीच बनवलेला, २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून अवकाशात गेला, तोवर सुरुवात करणारी बॅच कधीच पास होऊन नोकरीला लागली होती. दरवर्षी टीममधले जुने जाणार, नवे येणार, मग डिझाइन कोणाच्या डोक्यात राहणार? ते जपायला गाइडच लागतो.

आमच्या इथे नागपुरात आमचे सर (आधी इंडस्ट्रीतच होते) टेस्टच्या नोंदींची वही ज्युनियरला समजावून दिल्याशिवाय प्रोजेक्टवर सहीच करायचे नाहीत, आम्ही जाम वैतागायचो, पण पुढच्या बॅचनं आमचंच विंग मॉडेल विंड टनेलमध्ये (हवेच्या झोतात मॉडेल तपासतात तिथे) पुन्हा लावलं आणि काही विचारायला आम्हाला एक फोनही करावा लागला नाही.