मदत हवी आहे : ग्राहक डॉलर देत नाही, बँक दुसरं घेत नाही!

बेदाणा_तासगाव : पहिलाच एक्स्पोर्टचा सौदा, एक कंटेनर बेदाणा. ग्राहक म्हणतो डॉलर पाठवणं जमणार नाही. बँकेतले साहेब म्हणतात डॉलरच आणा. माल कोल्ड स्टोरेजला पडून, भाडं चढतंय. लवकर सांगा.

खडूस_सीए : ग्राहक कुठला?

बेदाणा_तासगाव : रशियाचा. लिहिलं नव्हतं का?

खडूस_सीए : नाही. मग रुपयात घ्या. रिझर्व्ह बँकेचं 11 जुलै 2022 चं परिपत्रक त्या साहेबांसमोर ठेवा. रशियन बँकेचं इथल्या बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं असतं, त्यातून तुम्हाला रुपये मिळतात. ग्राहकाच्या बँकेचं तसं खातं आहे का? इन्व्हॉइस कशात केलंय?

दुबईकर_राजू : कशाला एवढा खटाटोप, दिरहॅम घ्या.

खडूस_सीए : राजूभाऊ, दिरहॅम 1997 पासून एका डॉलरला 3.6725 असा बांधलेला. अरबी झगा, कंदुरा, घातलेला डॉलरच तो.

दुबईकर_राजू : असेल, पण डॉलरसारखी मध्ये न्यूयॉर्कची बँक तर येत नाही! निर्बंधांमुळे रशियाची गाडी तिथंच अडते ना?

खडूस_सीए : आणि दुबईतून पैसे धाडणारा तिऱ्हाईत कोण, हे बँकेला तुम्ही सांगणार का?

मामाचा_भाचा : आखातात एकेकाळी आपलाच रुपया चालायचा हो. 1959 पासून रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा छापायची. कुवेतनं 1961 ला स्वतःचा दिनार काढला, 1966 ला आपण अवमूल्यन केल्यावर कतारनंही सोडला. मामांकडे अजून एक नोट आहे.

भटक्या : नेपाळात आपलाच रुपया डॉलरच्या तोऱ्यात असतो. आपल्या 1 ला त्यांचे 1.60, 1993 पासून.

बेदाणा_तासगाव : अहो, मला नेपाळला नाही पाठवायचा माल!! रशियाला रुपये नकोच असतील तर?

गोंयकार : मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह आमच्या गोव्यातच बोलून गेले, भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये पडलेत, वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलून हवेत. तेल विकून साठलेले. रुपया बाहेर फारसं कुणी घेत नाही, म्हणून तो इथंच खर्चावा लागतो. मग बेदाण्यावर खर्चू देत की.

बेदाणा_तासगाव : हे पटलं. पण इन्व्हॉइस डॉलरमध्ये करून बसलोय.

खडूस_सीए : हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. माल निघालेला नाही ना? मग करार आणि इन्व्हॉइस दोन्ही रुपयात नव्यानं करा. आणि ग्राहकाची बँक कोणती?

बेदाणा_तासगाव : ते विचारलंच नाही. लावतो फोन.

मामाचा_भाचा : नोटेचा फोटो टाकू का?